मामाने सॅक्स खाली घेतला

माझ्या मामाइतका रुबाबदार माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे त्याला आधीपासूनच माहीत असल्यामुळे मी कधी त्याच्या तोंडावर बोलले नाही. केस मागे वळवलेले, बूट लखलखीत, शर्टाच्या बाह्या बरोबर मनगटाच्या हाडापर्यंत. कसं काय मामा, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "उत्तम. तुमचं सांगा." अंगात ताप असला तरी उत्तम. एकदा पाय मुरगळून पलंगावर पडला होता तेव्हाही उत्तमच होता, फक्त चहा पलंगावर हवा होता. मामी म्हणते, या माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नाही, कारण तो हरलाय हे त्याला कळतच नाही.

पोटापाण्यासाठी मामाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. सॅक्सोफोन त्याच्या आयुष्यात आला तो वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यामुळे. हा म्हातारा जहाजावरच्या बँडमध्ये जॅझ वाजवून निवृत्त झाला होता आणि त्याला जिना उतरवत नव्हता. मामा तेव्हा विशीतला. तो त्याचं सामान वर नेऊन द्यायचा आणि बदल्यात शिकायचा. पुढे म्हाताऱ्याचा दम संपला तेव्हा त्याने आपला सॅक्स मामाच्या हातात दिला, घासूनपुसून ठेव म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून दार लावून घेतलं. माझ्या आजोबांना घरात ते भोंग्यासारखं वाजलेलं खपत नसे. म्हणून मामा रियाज करायचा तो कामाच्या जागी, गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. तिथून आवाज लिफ्टच्या बोगद्यातून थेट तळमजल्यापर्यंत जायचा. एका इमारतीतल्या बाईंनी कंपनीकडे तक्रार केली की आमची लिफ्ट संध्याकाळी रडते. कंपनीने तपासणीसाठी कोणाला पाठवावं? मामालाच. तो गेला, लिफ्टला तेल दिलं, बाईंना म्हणाला, आता रडायची नाही, आणि दुसऱ्या इमारतीत रियाज सुरू केला. ही गोष्ट तो अजून सांगतो, आणि दर वेळी त्या बाई थोड्या अधिक देखण्या होत जातात.

नोकरीतून सुटल्यावर त्याने क्लास काढला. फर्निचरच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. खाली गाद्या आणि कपाटं ठेवलेली, त्यामुळे आवाजाची कुरकुर करायला कोणी नाही. लिफ्टवाल्याच्या क्लासला लिफ्ट नाही, हा विनोद प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी धापा टाकत करतो आणि मामा तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो. मी आठवडाभर शाळेत गणित शिकवते आणि सुटीच्या दिवशी या खोलीत पियानो वाजवते. माझा स्वभाव तापट आहे. तो आईकडून आला आणि आई मामाची सख्खी बहीण, तेव्हा दोष कुठून आला हे उघड आहे.

मामाच्या क्लासचे दोन कायदे होते. पहिला डब्याचा. जॅझमध्ये जे काही वाजवायचं ते तिथल्या तिथे सुचलेलं हवं. समोरच्याने काय वाजवलं ते ऐकून त्यावर आपलं काही बोलायचं. पण मुलं हुशार असतात. घरी चांगलीशी तान घोटून घोटून तयार करतात आणि आपली पाळी आली की सोडून देतात, जणू आत्ताच आकाशातून पडली. मामाला ते दुसऱ्या सुराला कळायचं. तो वाजवता वाजवता एक भुवई वर करायचा आणि नंतर म्हणायचा, "डबा घरी उघडायचा. इथे गरम जेवण मिळतं." क्लासमध्ये कोणी घोटलेलं वाजवलं की बाकीचे बोटांनी झाकण उघडल्याची खूण करत.

दुसरा कायदा मामाने केलेला नव्हता, मुलांनी केला होता. वर्षातून एकदा, कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी, प्रत्येक विद्यार्थ्याने मामासमोर उभं राहायचं. एक आवर्तन मामा वाजवणार, एक विद्यार्थी. सवाल-जवाब. मामा जवाब ऐकतानाही सॅक्स तोंडातून काढायचा नाही. माउथपीस दातांखाली धरलेलंच, बोटं कळींवर तयार, जणू समोरचा कधीही अडखळेल आणि आपल्यालाच सावरावं लागेल. पण कधीतरी एखादा असं काही वाजवून जायचा की मामा सॅक्स खाली घ्यायचा. छातीपर्यंत खाली, हात सैल, आणि नुसता ऐकायचा. मामा तोंडाने शाबासकी देत नसे, त्यामुळे मुलांनी त्याचाच निकाल करून टाकला. ज्याच्यासाठी सॅक्स खाली आला तो पास. कार्यक्रमात त्याला पुढच्या रांगेत उभं राहून एकट्याने वाजवायला मिळणार. बाकीचे मागे खुर्च्यांवर. ड्रम वाजवणारा सुतार पास झाला त्या दिवशी त्याने क्लासच्या दाराची बिजागरी फुकट बदलून दिली. पियानोवाल्यांना या परीक्षेत जागा नाही. आम्ही सगळ्यांना साथ करतो, आमची परीक्षा कोण घेणार? हा आमच्या घरातला जुना वाद आहे, तो इथे नको.

आता दातांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथे सुरू झालं. सॅक्स वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात. मामाच्या माउथपीसवर त्याच्या दातांची खाच पडलेली होती, एक खोल आणि एक उथळ, कारण त्याच्या पुढच्या दोन दातांतला एक जरासा बाहेर होता. या वर्षी हिरड्यांनी दगा दिला आणि वरचे सगळे दात काढावे लागले. दाताच्या डॉक्टरणीने समजावून सांगितलं की तुमचा जुना फोटो आणा, कवळी अगदी तशीच करू, तो बाहेरचा दातसुद्धा. शहाण्या माणसाने फोटो दिला असता. मामाने तिच्या टेबलावरचे नमुने पाहिले आणि सगळ्यांत सरळ, सगळ्यांत पांढरे दात निवडले. मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, मामा, अरे माउथपीसची खाच. तो म्हणाला, खाच दातांनी पडते, नव्या दातांनी नवी पडेल. घरी आल्यावर मामीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, दात नवे आणलेत, आता जीभही बदलून मिळते का विचारायचं होतं.

कवळीची बातमी आम्हा तिघांपलीकडे जाता कामा नये, अशी मामाने शपथ घातली. त्यामागे नुसता नखरा नव्हता. वर्षानुवर्षं तो मुलांसमोर छाती काढून सांगत आला होता की ज्या दिवशी माझं तोंड माझा जवाब द्यायला चुकेल त्या दिवशी सॅक्स पेटीत, पेटी माळ्यावर, आणि मी तुमच्यासमोर उभा राहणार नाही. असली वाक्यं टाळ्यांसाठी बोलायची असतात. पण मामा आपलंच बोलणं फार मनावर घेणारा माणूस आहे. कवळी बसल्यापासून सॅक्स धरला की त्याच्या कवटीत पत्रा थरथरल्यासारखं व्हायचं. खालचे सूर वाजवायला जबडा सैल सोडला की कवळी हलायची. तो चिकटवायची पेस्ट दुप्पट लावायचा, आणि कसं चाललंय विचारलं की उत्तम.

मग तो रविवार आला. खिडक्या उघड्या, दुपारचं ऊन जमिनीवर, भिंतीला लागून खुर्च्या. त्या दिवशी ट्रम्पेटवाला लंबू नापास झाला, जाड तारांचा उभा बेस वाजवणारा नापास झाला, आणि शेवटी वकीलबाई उभी राहिली. ही मुलगी वकील नाही, औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, आणि मामासारखा सॅक्सच वाजवते. पण ती इतका वाद घालते की पहिल्याच आठवड्यात नाव पडलं. मामाने डावीकडून चाल म्हटलं की ती विचारणार, उजवीकडून का नाही? वाजवतानाही तीच खोड. मामाचा सवाल पुरा व्हायच्या आत हिचा जवाब सुरू. तिच्यासाठी मामाने आजवर सॅक्स खाली घेतला नव्हता, आणि हे तिला लागलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांच्या मधे उभी राहून ती रियाज करायची. या वर्षी आईला समोर बसवून पुढच्या रांगेतून वाजवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सुरुवात बरी झाली. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनाला मामाने एक लांब, खोल, तळघरातला सूर लावला. तो सोडला आणि तिने लगेच जवाब सुरू केला. दुसऱ्या सुराला मला कळलं की हा डबा आहे. तीन पायऱ्या चढून शेवटी गिरकी घेणारी तान, गोड, घोटलेली, खोक्यांच्या खोलीत शंभर वेळा वाजवलेली. मी मामाची भुवई वर जायची वाट पाहत होते. भुवई गेली नाही. मामाने सॅक्स खाली घेतला.

छातीपर्यंत खाली. ओठ घट्ट मिटलेले, मान जराशी झुकलेली, डोळ्यांत पाणी. विद्यार्थ्याने आणखी काय मागावं? सुताराने झांज झणझणवली आणि सगळे ओरडत तिच्याभोवती जमले. पण मी पियानोवर बसते ती मामाच्या उजव्या गालाच्या बाजूला. तो गाल आतून फुगला होता. खालचा सूर सोडताना कवळी निसटून त्याच्या जिभेवर आली होती, आणि हा गृहस्थ ती गिळू नये म्हणून जिवाच्या आकांताने तोंड मिटून उभा होता. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने दोनदा मान हलवली आणि चालत मोरीकडे गेला. मामांना भरून आलं, असं लंबू हळूच म्हणाला.

तो परत आला तोवर वकीलबाईने आईला फोन लावून सांगितलं होतं. आईने शेजारच्या घरात सांगितलं होतं, आणि पलीकडून चारपाच आवाज एकदम तिचं अभिनंदन करत होते. मामाने दारात उभं राहून हे ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने खिडकीकडे पाहिलं.

रस्त्यात मी त्याला सोडलं नाही. फुटपाथवरच सुरू केलं. तू तिला सांगणार आहेस की नाही? तो म्हणाला, मुलगी खूश आहे, तिची आई खूश आहे, तू कशाला तोंड पाडून चालली आहेस? मी म्हटलं, तिने डबा उघडला आणि तू तिला पास केलंस. तो म्हणाला, मी केलं नाही, ते आपोआप झालं. मग तर आणखीच वाईट, मी म्हटलं. त्यावर मामा चालायचा थांबला आणि एका बंद दुकानाच्या शटरपाशी उभा राहिला. कबूल केलं तर काय होईल ते त्यालाही दिसत होतं आणि मलाही. तिची पुढची रांग जाईल, आईने वाटलेली बातमी परत घ्यावी लागेल. आणि याचा सॅक्स, याच्याच शब्दाप्रमाणे, माळ्यावर जाईल. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तितकंच वाईट वाटत होतं. त्या दिवसापर्यंत मी त्याला म्हातारा समजले नव्हते. घरी मामीने विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, उत्तम, आणि जेवला नाही.

मंगळवारी वकीलबाई माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आईने तिच्यासाठी नवीन कपडे आणले होते, शनिवारी त्यांच्या इमारतीतला अख्खा मजला कार्यक्रमाला येणार होता. हे सगळं तिने पडेल आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "ताई, मी काय वाजवलं ते मला माहीत आहे. तो डबा होता. मामांना कळला नसेल असं होईल का?"

मी शपथेला बांधलेली. मी म्हटलं, त्यांनाच विचार. फाटकाच्या गजावर बोट फिरवत ती म्हणाली की विचारलं आणि ते डबाच होता म्हणाले तर सगळं जाईल. एवढी वादावादी करणारी मुलगी, पण हा एक प्रश्न तिला विचारवत नव्हता. मी त्या दिवशी सातवीच्या वर्गावर विनाकारण ओरडले.

बुधवारी संध्याकाळी तालीम होती. मी आणि मामा जिना चढत होतो आणि दुसऱ्या मजल्यावरच मामा थबकला. वरून ती तान येत होती. तीन पायऱ्या आणि गिरकी. ट्रम्पेटवर. ती संपली आणि तीच बेसवर सुरू झाली, जड पावलांनी, म्हैस जिना चढावी तशी. मग दुसऱ्या एका सॅक्सवर. आम्ही दारात पोहोचलो तर सगळा क्लास ओळीने उभा, प्रत्येकजण तीच तान पुढच्याला देतोय, आणि सुतार त्याच वजनात ड्रम वाजवतोय. फक्त वकीलबाई कोपऱ्यात बसली होती, मांडीवर सॅक्सची बंद पेटी घेऊन.

हे काय चाललंय म्हणून मामाने विचारलं. लंबूने पुढे होऊन खुलासा केला. लंबू बँकेत आहे, त्याला खुलासे करायची सवय आहे. रविवारपासून आम्ही खूप विचार केला, तो म्हणाला. ऐकणाऱ्याला भिडणार असेल तर घोटलेलं वाजवायलाही हरकत नाही, असं मामांना सुचवायचं आहे. त्यांच्या विचारात हा फार मोठा बदल आहे. शिवाय तान उतरताना नव्हे, चढताना हवी, हेही आमच्या लक्षात आलं. बेसवाला म्हणाला की मला वाटतं खरी गंमत त्या गिरकीत आहे. सगळे गंभीरपणे माना हलवत होते. इतकी वर्षं खपून मामाने उभा केलेला क्लास एका निसटलेल्या कवळीने तीन दिवसांत डबेवाल्यांचा करून टाकला होता.

मामा भडकला. आयुष्यात मी शिकवलं काय आणि तुम्ही उचललं काय, असं बरंच बोलला. सुताराने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि काड्या ड्रमवर ठेवल्या. तो म्हणाला, मामा, रागवू नका, पण रविवारी याच तानेवर तुम्ही सॅक्स खाली घेतलात. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून वकीलबाई उठली.

"मामा, रविवारी तुम्ही काय ऐकलंत?"

खोटं बोलायला ती उत्तम वेळ होती. मामाला दहा खोटी उत्तरं सुचली असती, आणि त्यातलं प्रत्येक क्लासने मनात जपून ठेवलं असतं. त्याने खिशातून घडीचा रुमाल काढला, आमच्याकडे पाठ न करता कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि रुमाल माझ्या पियानोवर. मामाचा चेहरा एकदम आजोबांसारखा दिसायला लागला. वरचा ओठ आत गेला, गाल बसले. लंबूने नजर खाली घातली. वकीलबाईने घातली नाही.

"खास असं काही ऐकलं नाही," मामा म्हणाला. शब्द मऊ, ओले येत होते, पण आवाज तोच. "हे निसटलं, म्हणून सॅक्स खाली आला. तुझा डबा दुसऱ्या सुराला कळला होता."

"म्हणजे मी पास नाही."

"नाही."

"आणि आईने सगळ्यांना सांगून झाल्यावरही तुम्ही गप्प बसलात."

"हो. लाज वाटत होती, आणि भीती. मी काय बोलून बसलोय ते तुम्हाला माहीत आहे. सॅक्स सुटायची भीती वाटली."

ती रागाने लाल झाली होती. मला वाटलं, आता ही पेटी उचलून जिना उतरणार, आणि उतरली असती तरी मी तिच्या बाजूने असते. ती म्हणाली की तुम्हाला एवढी भीती होती तर मला एकटीला सांगायचं होतं, मी कोणाला बोलले नसते. मामा म्हणाला, तेही सुचलं नाही. मग त्याने आपली पेटी उघडली, सॅक्स गळ्यात अडकवला आणि माउथपीसला लावायची वेताची पट्टी, रीड, ओठांत भिजवायला घेतली.

"काढ तुझा," तो म्हणाला. "रविवारचं राहिलंय."

"दातांशिवाय कसं वाजवणार?"

"मलाही तेच बघायचंय."

एवढी फजिती होऊनही हे वाक्य त्याने इतक्या ऐटीत म्हटलं की सुतार हसला आणि काड्या उचलून बसला. मी मुद्दाम संथ लय धरली. मामाने माउथपीसवर दोन्ही ओठ दुमडून घेतले, वरचासुद्धा. त्या खाचेवर आता ओठ होता. पहिला सूर आलाच नाही, नुसती हवा गेली. दुसरा आला तो फाटका. कोणी हसलं नाही. मामाने डोळे मिटले, जबडा हलवून बघितला, आणि तिसरा सूर लागला.

तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. मामाचा नेहमीचा सॅक्स म्हणजे इस्त्रीचा शर्ट, कडक आणि काठाला धार. हा रुंद होता, उबदार, कडा विरलेल्या, सुराबरोबर श्वासही ऐकू येणारा. वरचे सूर त्याला मिळत नव्हते. दोनदा प्रयत्न केला, मिळाले नाहीत, तेव्हा ते सोडून तो खालीच फिरायला लागला, हाताशी आहे त्यात. ओठ लवकर दमत होते म्हणून तो दोनचार सूर वाजवायचा आणि थांबायचा. थांबायचा आणि परत दोन.

त्या थांबण्यात वकीलबाई फसली. सवयीने तिने जवाब सुरू केला आणि मामाचा सवाल संपलाच नव्हता. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मग तिला वाट पाहावी लागली. या मुलीला मी पहिल्यांदा कोणाची वाट पाहताना बघत होते. मामाचं आवर्तन पुरं झालं, तिची पाळी आली. तिने तान घेतली नाही. मामाचा शेवटचा सूर घेतला, त्याच्या शेजारी एक ठेवला आणि गप्प राहिली. मामाची भुवई हलली, पण ती वेगळी.

असं चार-पाच आवर्तनं चाललं, आणि मागून बाकीचेही हलकी साथ करू लागले. मामा डोळे मिटून वाजवत होता. त्याची एक आवर्तनाची पाळी संपली आणि त्याला ते कळलंच नाही. तो तसाच पुढे तिच्या आवर्तनात शिरला, हळू, काहीतरी शोधत. तिने त्याला अडवलं नाही. मी लय धरून होते आणि समोर पाहत होते. वकीलबाईने आपला सॅक्स तोंडातून काढला आणि खाली घेतला. छातीपर्यंत खाली, हात सैल. लंबूने ते पाहिलं आणि ट्रम्पेट खाली केला. मग दुसऱ्या सॅक्सवाल्याने. बेसवाल्याला तसं काही खाली घेता येत नाही, तर त्याने वाजवणं थांबवून हात तारांवरून काढून घेतले. शेवटी मी आणि सुतार तेवढे मामाला साथ करत होतो.

मामाने सूर संपवला आणि डोळे उघडले. समोर सगळा क्लास सॅक्स आणि ट्रम्पेट खाली घेऊन उभा. त्याला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला पियानोकडे पाहावं लागलं. मी रडले. मला सांगायला लाज वाटत नाही.

"कोणी थांबायला सांगितलं?" तो म्हणाला, माउथपीस ओठांत धरूनच.

"कायदा आहे," वकीलबाई म्हणाली. "पेटी माळ्यावर ठेवायची नाही."

मामाने यावर वाद घातला नाही. नुसती मान हलवून तिला पुढे वाजवायची खूण केली. तिने सॅक्स उचलला आणि वाजवायला लागली. घाई नाही, गिरकी नाही. मामा जिथे शोधत शोधत थांबला होता तिथून तिने धागा उचलला आणि त्याला जे वरचे सूर मिळत नव्हते तिकडे एकेक पाऊल नेला. खाली रस्त्यावर कोणीतरी फर्निचर उतरवत होतं, त्यांचा आवाज येत होता, तोही थांबला की काय असं मला वाटलं, पण ते माझं वाटणं असेल. तिने वरचा सूर लावला आणि धरून ठेवला.

मामाने सॅक्स खाली घेतला.

सगळ्यांची नजर पियानोवर गेली. दात रुमालावर होते.